विश्लेषण : चेंडू गावात पोहोचला, प्रशिक्षक कधी? कॉलेज फुटबॉलच्या सहायक प्रशिक्षकाची वाट कशी असते?

डिजिटल डेस्क, घाटनांदूर (ता. अंबाजोगाई, जि. बीड)

१५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, यासाठी राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन' हा उपक्रम राबवला. त्याच वर्षी भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक होता आणि नवी मुंबईत त्याचे सामने होणार होते. शाळाशाळांत चेंडू वाटले गेले, फोटो काढले गेले. पुढे 'फिफा'च्या 'फुटबॉल फॉर स्कूल्स' उपक्रमातूनही देशभरातल्या शाळांना चेंडू मिळाले. १४ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी वानखेडे स्टेडियमवर आला, तेव्हा १३ वर्षांखालील मुलामुलींसाठी राज्याच्या 'प्रोजेक्ट महादेवा'ची चर्चा झाली.

२०१७ मध्ये पाचवीत असलेली मुलं आज अठरा-एकोणीस वर्षांची आहेत. घाटनांदूरसारख्या गावात ती आता कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असतील. यातल्या फार थोड्यांना खेळाडू म्हणून पुढे जाता येईल. पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा 'डी' प्रशिक्षक परवाना घेण्यासाठी किमान वय अठरा लागतं, आणि ते आता या मुलांनी गाठलं आहे. म्हणजे चेंडू मिळालेली पहिली पिढी प्रशिक्षक होऊ शकेल अशा वयात आली आहे.

मग त्यांच्यापैकी एखाद्याला कॉलेजच्या संघाचा सहायक प्रशिक्षक व्हायचं असेल, तर पुढे काय? त्यासाठी काय शिकावं लागतं, पगार कोण देतं आणि हा रस्ता नेमका कुठे तुटतो? त्याचा हा आढावा.

सहायक प्रशिक्षकाचं काम काय असतं?

मुख्य प्रशिक्षक संघ निवडतो, डावपेच ठरवतो आणि निकालाची जबाबदारी घेतो. बाकीचं जवळपास सगळं सहायकाकडे असतं. सरावाआधी मैदानावर कोन मांडणं, वॉर्म-अप घेणं, राखीव खेळाडूंचा वेगळा सराव, कॉर्नर आणि फ्री-किकची तयारी, प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाची टिपणं, दुखापत झालेल्या खेळाडूकडे लक्ष ही त्याची रोजची कामं. मोठ्या क्लबात गोलरक्षकासाठी, तंदुरुस्तीसाठी आणि व्हिडिओ विश्लेषणासाठी स्वतंत्र माणसं असतात. छोट्या संघात हे सगळं एकच जण करतो.

कॉलेज पातळीवर यात कागदपत्रांची भर पडते. आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूचा पात्रता अर्ज भरावा लागतो. वय, बारावीचं वर्ष, प्रवेशाचा पुरावा हे सगळं जुळावं लागतं. एक कागद राहिला, तर चांगला खेळाडू बाकावरही बसू शकत नाही. रेल्वेचं आरक्षण, मुक्कामाची सोय, टी-शर्टचे क्रमांक, रात्री कोणाला ताप आला तर डॉक्टर शोधणं, हेही याच माणसाच्या वाट्याला येतं.

कॉलेजात असं पद असतं का?

थोडक्यात उत्तर : नाही.

महाराष्ट्रातल्या अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात खेळांसाठी मंजूर पद असतं ते शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचं, तेही साधारणपणे एकच. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी स्पर्धा, बुद्धिबळ, क्रिकेट आणि फुटबॉल या सगळ्यांची जबाबदारी त्या एका व्यक्तीवर असते. अनेक ठिकाणी हे पद रिक्त असतं आणि दुसऱ्या विषयाचे प्राध्यापक 'क्रीडा विभागप्रमुख' म्हणून अतिरिक्त काम पाहतात.

'फुटबॉलचा सहायक प्रशिक्षक' अशी वेगळी जागा पदांच्या आकृतिबंधातच नाही. विद्यापीठाचा संघ स्पर्धेला जातो, तेव्हा संलग्न महाविद्यालयातल्याच एखाद्या क्रीडा संचालकाची प्रशिक्षक म्हणून आणि दुसऱ्याची व्यवस्थापक म्हणून नेमणूक होते. स्पर्धेपुरती ही नेमणूक असते. संघ परतला की ती संपते.

मग रोजचा सराव कोण घेतं? बहुतेक ठिकाणी संघातलाच एखादा सीनियर. प्रस्तुत प्रतिनिधीच्या अभियांत्रिकी कॉलेजातही हेच चित्र होतं. अंतिम वर्षाचा एक विद्यार्थी मोबाइलवर व्हिडिओ पाहून आम्हाला सराव द्यायचा. तो पदवी घेऊन नोकरीला लागला आणि पुढच्या वर्षी संघच उतरला नाही. ज्ञान एका माणसात साठलेलं असलं की त्याच्यासोबत ते निघून जातं. प्रशिक्षकाचं पद असणं महत्त्वाचं ठरतं ते याचसाठी.

पहिली शिडी : पदवीची

खेळाच्या क्षेत्रात कॉलेजात कायम नोकरी हवी असेल, तर पदव्यांच्या शिडीने जावं लागतं. कोणत्याही शाखेची पदवी घेतल्यानंतर दोन वर्षांचं बीपीएड. त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते आणि त्यात लेखी परीक्षेसोबत मैदानी चाचणीही होते. त्यानंतर दोन वर्षांचं एमपीएड. मग शारीरिक शिक्षण विषयात नेट किंवा सेट. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार, महाविद्यालयीन क्रीडा संचालकासाठी पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण, नेट-सेट किंवा नियमांत बसणारी पीएचडी, खेळाडू म्हणून सहभागाचा पुरावा आणि शारीरिक क्षमता चाचणी आवश्यक आहे. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला बारा मिनिटांत १,८०० मीटर अंतर पार करावं लागतं. या पदाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतो, म्हणजे सहायक प्राध्यापकाइतकाच.

हिशेब मांडला तर एकविसाव्या वर्षी पदवी, तेविसाव्या वर्षी बीपीएड, पंचविसाव्या वर्षी एमपीएड. त्यानंतर पात्रता परीक्षा आणि मग जाहिरातीची वाट. जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर काम करणारे अनेक जण आहेत. शिवाय खासगी अनुदानित संस्थांच्या भरतीत पैशांची मागणी होते, अशी तक्रार पात्रताधारक उमेदवार वर्षानुवर्षे करत आले आहेत.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही शिडी पूर्ण चढलेल्या माणसाला फुटबॉलचा संघ घडवता येतोच, असं नाही. शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम सगळ्या खेळांचा, शरीरशास्त्राचा आणि अध्यापनाचा असतो. एका खेळाच्या सखोल प्रशिक्षणाचं शास्त्र वेगळं आहे.

दुसरी शिडी : परवान्याची

फुटबॉलमध्ये हे शास्त्र परवान्यांच्या रूपात शिकवलं जातं. भारतात अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि आशियाई फुटबॉल महासंघ यांच्या चौकटीत हे अभ्यासक्रम होतात. नवख्यांसाठी 'ई' प्रमाणपत्र, त्यानंतर 'डी', 'सी', 'बी', 'ए' आणि सर्वांत वर 'प्रो'.

'डी' हा काही दिवसांचा निवासी स्वरूपाचा अभ्यासक्रम असतो. लहान मुलांना सराव कसा द्यायचा, सत्राची आखणी कशी करायची, सूचना किती आणि कधी द्यायच्या, हे त्यात मैदानावर करून दाखवावं लागतं. 'सी'पासून अभ्यास वाढतो. 'बी' आणि 'ए' हे युवा आणि वरिष्ठ संघांसाठीचे टप्पे. 'प्रो' हा व्यावसायिक लीगमधल्या मुख्य प्रशिक्षकासाठी लागतो. एका पायरीवरून दुसरीवर जाताना मध्ये प्रत्यक्ष संघासोबत काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे पैसे भरून एका वर्षात सगळे परवाने घेता येत नाहीत.

खरी अडचण इथेच येते. 'सी'साठी अनुभव हवा, अनुभवासाठी संघ हवा आणि संघ हवा तर कुणीतरी सहायक म्हणून उभं करायला हवं. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूरमध्ये क्लब आणि अकादमी आहेत, तिथे हे जमतं. मराठवाड्यातल्या तालुक्यात असा संघ म्हणजे मुख्यतः शाळा किंवा कॉलेज. आणि तिथे पदच नाही.

याशिवाय पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका हा आणखी एक मार्ग आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची पदविका, जिला आपल्याकडे सरसकट 'एनआयएस' म्हणतात, सरकारी क्रीडा खात्यातल्या प्रशिक्षक पदांसाठी उपयोगी ठरते. तिथे सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. जाहिरात पाहताना या दोहोंत गल्लत होऊ नये, कारण पदविका मागितलेली असताना सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र चालेलच असं नाही.

सहायक राहून मोठं होता येतं का?

येतं, आणि त्याची उदाहरणं फार लांब शोधावी लागत नाहीत.

गोव्याचे महेश गवळी हे डेम्पोकडून खेळलेले बचावपटू. निवृत्तीनंतर ते प्रशिक्षणात आले आणि इगोर स्टिमॅच यांच्या काळात भारतीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत स्टिमॅच यांना लाल कार्ड मिळून बंदी आली, तेव्हा बाकावरून संघ सांभाळण्याची वेळ गवळींवर आली. उपांत्य सामना लेबनॉनशी, अंतिम सामना कुवेतशी. दोन्ही पेनल्टी शूटआउटवर गेले आणि ४ जुलै २०२३ रोजी बंगळुरूत भारताने चषक उंचावला.

गोव्याचेच क्लिफर्ड मिरांडा एफसी गोवा संघात सहायक होते. २०२० मध्ये हंगामाच्या शेवटी मुख्य प्रशिक्षक गेल्यावर त्यांच्याकडे हंगामी सूत्रं आली. नंतर ते ओडिशा एफसीत पुन्हा सहायक म्हणून गेले. तिथेही मुख्य प्रशिक्षक गेल्यावर मार्च २०२३ मध्ये ते हंगामी प्रशिक्षक झाले आणि पुढच्याच महिन्यात संघाने सुपर कप जिंकला. ओडिशाचा हा पहिला मोठा किताब होता. त्यानंतर मोहन बागानमध्ये मिरांडा पुन्हा सहायकाच्याच भूमिकेत दिसले. चषक जिंकल्यावरही एक पायरी खाली उतरून काम करावं लागतं, हे या क्षेत्राचं वास्तव आहे.

तिसरं नाव खालिद जमील यांचं. मुंबईच्या मैदानांत वाढलेल्या या प्रशिक्षकाने २०१७ मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. तरीही आयएसएलमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडकडे ते आधी सहायक म्हणून गेले. जानेवारी २०२१ मध्ये हंगामी जबाबदारी मिळाली, त्यांनी संघाला बाद फेरीत नेलं आणि मग कायम पद मिळालं. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांची भारताच्या मुख्य प्रशिक्षकपदी निवड जाहीर झाली. सॅव्हिओ मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी हे पद भारतीय माणसाकडे आलं.

तिघांत दोन गोष्टी समान आहेत. तिघेही आधी व्यावसायिक खेळाडू होते, आणि तिघांनाही संधी अचानक आली तेव्हा लागणारा परवाना आणि अनुभव त्यांच्याकडे तयार होता. घाटनांदूरच्या मुलाकडे पहिली गोष्ट नसेल. दुसरी मिळवणं मात्र शक्य आहे. खेळाडू म्हणून नाव नसलेला माणूसही या क्षेत्रात वर जाऊ शकतो. जोझे मोरिन्यो हे खेळाडू म्हणून कधीच मोठे नव्हते. १९९२ मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबमध्ये बॉबी रॉबसन यांचे दुभाषे म्हणून ते आले आणि त्यांच्यासोबतच पोर्तो, बार्सिलोना असा प्रवास करत शिकले.

अमेरिकेत काय वेगळं आहे?

'कॉलेज फुटबॉलचा सहायक प्रशिक्षक' हा शब्दप्रयोग मुळात अमेरिकेत रूढ आहे. तिथलं फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळला जाणारा वेगळा खेळ. पण तिथली पदरचना पाहण्यासारखी आहे. पदव्युत्तर शिक्षण घेत घेत 'ग्रॅज्युएट असिस्टंट' म्हणून सुरुवात, मग एका जागेच्या खेळाडूंचा प्रशिक्षक, मग आक्रमण किंवा बचावाचा समन्वयक आणि शेवटी मुख्य प्रशिक्षक. प्रत्येक पायरीला नाव आहे, काम आहे आणि पगार आहे.

अलाबामा विद्यापीठाला सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे निक सेबन यांनी १९७३ मध्ये केंट स्टेट विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून सुरुवात केली. मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिली संधी मिळाली ती १९९० मध्ये, टोलेडो विद्यापीठात. मधली सतरा वर्षं ते वेगवेगळ्या ठिकाणी सहायक होते. तिथल्या अव्वल गटातल्या विद्यापीठांना २०१८ पासून एका संघामागे दहा सहायक प्रशिक्षक ठेवण्याची मुभा होती.

तिकडे टीव्हीचा आणि तिकिटांचा पैसा आहे, त्यामुळे थेट तुलना योग्य नाही. दहा सहायक आपल्याला परवडणार नाहीत. पण शिकत असताना प्रशिक्षणाचं काम करून थोडं मानधन मिळवण्याची पहिली पायरी महागडी नाही. आपल्याकडे नेमकी तीच नाही.

बीड जिल्ह्यात गाडी कुठे अडते?

पहिलं कारण हंगामाचं आहे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा काळही साधारण पावसाळा संपल्यानंतरचा. ज्या घराने मुकादमाकडून उचल घेतली आहे, त्या घरातला कॉलेजचा मुलगा त्या महिन्यांत एक तर कोयत्यावर असतो, नाही तर मागे राहिलेली लहान भावंडं, म्हातारी माणसं आणि जनावरं सांभाळत असतो. अकरा जणांचा संघ सलग तीन महिने एकत्र ठेवणं इथे अवघड जातं.

दुसरं कारण प्रमाणपत्राचं. ग्रामीण भागात खेळाकडे वळण्यामागे सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण आणि दहावी-बारावीचे वाढीव गुण हे मोठं आकर्षण आहे. त्यासाठी राज्य-राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी लागते. फुटबॉलमध्ये मुंबई, कोल्हापूर, पुणे, नागपूरचे संघ समोर असताना तिथवर पोहोचणं कठीण. त्यामुळे हुशार मुलं कमी गर्दीच्या किंवा वैयक्तिक खेळांकडे जातात. याच आकर्षणातून ट्रॅम्पोलिन-टंबलिंगसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रं मराठवाड्यात उघडकीस आली आणि खऱ्या खेळाडूंच्या पडताळणीचा फेराही लांबला.

तिसरं कारण अंतराचं. परवान्याचे अभ्यासक्रम बहुधा मोठ्या शहरांत होतात. निजामकाळापासूनच्या परळी-विकाराबाद मार्गावर असल्याने घाटनांदूरला रेल्वे आहे. बीड शहरात ती १७ सप्टेंबर २०२५ ला पोहोचली. तरी पुण्या-मुंबईला जाऊन आठवडाभर राहायचं, तर शुल्कासोबत प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी असा तिहेरी खर्च पडतो.

या मातीत दम नाही, असं मात्र कुणी म्हणू शकत नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांची वेळ देत रौप्य जिंकलं. पण धावपटू म्हणून तो घडला सैन्यात भरती झाल्यावर. सैन्यातल्या क्रॉस कंट्री स्पर्धेत प्रशिक्षक अमरीश कुमार यांची नजर त्याच्यावर पडली. जिल्ह्यात असताना त्याची गुणवत्ता तीच होती, ती ओळखणारा माणूस सोबत नव्हता.

मग उत्पन्नाचं काय?

पूर्णवेळ पद नसलं तरी काही दारं उघडी आहेत.

शाळा : सुब्रतो मुखर्जी चषक ही १९६० पासूनची आंतरशालेय फुटबॉल स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्यांनी खेळवली जाते. तिच्यासाठी शाळांना दोन-तीन महिने सराव देणारं कुणीतरी लागतं. मानधन तुटपुंजं असतं, पण संघासोबत काम केल्याची नोंद इथूनच सुरू होते.

खेलो इंडिया केंद्र : केंद्र सरकारच्या या योजनेत जिल्हास्तरावर छोटी केंद्रं मंजूर होतात. तिथे माजी खेळाडूला प्रशिक्षक म्हणून नेमता येतं आणि वर्षाला तीन लाख रुपयांपर्यंत मानधनाची तरतूद आहे. त्यासाठी खेळाडू म्हणून ठरावीक पातळीवरची कामगिरी लागते आणि त्यात अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतल्या पदकाचाही विचार होतो. म्हणजे कॉलेजात खेळलेलं फुकट जात नाही.

क्रीडा खातं : राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयात क्रीडा अधिकारी आणि क्रीडा मार्गदर्शक ही पदं आहेत. भरती अधूनमधूनच होते, पण पात्रता आधीपासून तयार ठेवावी लागते. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनींतही प्रशिक्षक लागतात. १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या प्रबोधिनीत घडला.

भरती अकादमी : तालुक्याच्या ठिकाणी पोलीस भरतीच्या 'करिअर अकॅडमी' असतात. १,६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेकीची तयारी करून घेणारा माणूस तिथे लागतो. सकाळी भरतीची मुलं आणि संध्याकाळी फुटबॉल, अशी कसरत करणाऱ्यांचं घर बऱ्याचदा सकाळच्या कामावर चालतं.

वरच्या टोकालाही स्थैर्य आहे, असं समजू नये. आयएसएलचे व्यावसायिक हक्क असलेल्या कंपनीचा महासंघाशी करार संपत आल्याने जुलै २०२५ मध्ये पुढचा हंगाम स्थगित झाला. पाठोपाठ बंगळुरू एफसीसारख्या क्लबाने खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. त्यात सहायक प्रशिक्षकही आले. म्हणून केवळ परवान्याच्या शिडीवर आयुष्य टांगणं धोक्याचं आहे.

मुलींसाठी चित्र कसं आहे?

इथे स्पर्धा तुलनेने कमी आणि गरज जास्त आहे. खेलो इंडियाच्या 'अस्मिता' लीगमुळे मुलींचे सामने वाढले आहेत. सुब्रतो चषकात १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा, तर सोबत महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक लागतेच, आणि ग्रामीण शाळांना ती सापडत नाही. मुलीला स्पर्धेला पाठवायचं की नाही, हा घरातला निर्णय बऱ्याचदा 'सोबत बाई कोण आहेत' या एका प्रश्नावर ठरतो. त्यामुळे 'डी' परवाना असलेली तालुक्यातली एक तरुणी पंधरा-वीस मुलींचा रस्ता मोकळा करू शकते.

आज अठरा वर्षांच्या मुलाने-मुलीने काय करावं?

दोन्ही शिड्या एकत्र चढणं हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. परवान्यामुळे काम येतं आणि पदवीमुळे नोकरी मिळते.

पहिल्या-दुसऱ्या वर्षात : कॉलेजच्या संघातून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळा. बीपीएड प्रवेशासाठी आणि पुढे क्रीडा संचालक पदासाठीही खेळाडू म्हणून सहभागाचं प्रमाणपत्र लागतं, ते जपून ठेवा. जवळच्या शाळेच्या संघाला संध्याकाळी मदत करा आणि मुख्याध्यापकांकडून तसं पत्र घ्या.

पदवी पूर्ण होईपर्यंत : 'डी' परवाना. अभ्यासक्रमाच्या तारखांसाठी राज्याची फुटबॉल संघटना असलेल्या 'विफा'च्या आणि महासंघाच्या घोषणांवर लक्ष ठेवा. दलालामार्फत 'हमखास प्रमाणपत्र' मिळत असेल, तर ते पडताळणीत टिकणार नाही, हे गृहीत धरा.

एकवीस ते पंचवीस : बीपीएड आणि एमपीएड. याच काळात कोणत्याही संघासोबत सहायक म्हणून काम आणि 'सी' परवाना. प्रत्येक सराव सत्राची वही ठेवा. वरच्या अभ्यासक्रमांत सत्राचं नियोजन मांडावं लागतं, तेव्हा ही वही कामाला येते.

पंचविशीनंतर : नेट-सेट, क्रीडा खात्याच्या जाहिराती आणि शक्य असेल तर 'बी' परवाना. तीस वर्षांपर्यंत कायम जागा मिळालीच नाही, तरी शाळा, अकादमी आणि क्लब यांच्यासाठी तुम्ही पात्र असता.

व्यवस्थेला काय करता येईल?

नवीन पद निर्माण करायचं म्हटलं की वित्त विभागाची मान्यता आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षा आली. पण त्याशिवायही तीन गोष्टी शक्य आहेत.

एक, प्रत्येक कॉलेजाला स्वतंत्र प्रशिक्षक परवडणार नाही. मात्र अंबाजोगाई, परळी, घाटनांदूर, केज, धारूर अशा जवळच्या कॉलेजांनी मिळून एक परवानाधारक सहायक प्रशिक्षक मानधनावर घेतला, तर खर्च वाटला जातो. आठवड्याला एकेक दिवस वाटून घेतला तरी सराव सुरू राहतो.

दोन, विद्यापीठाने किंवा विभागीय क्रीडा संकुलाने वर्षातून एकदा 'डी' परवान्याचा अभ्यासक्रम मराठवाड्यात आयोजित केला, तर तिहेरी खर्चातला मोठा भाग वाचतो. प्रशिक्षक घडवणारे पुण्या-मुंबईहून येऊ शकतात. चोवीस मुलांनी तिकडे जाण्यापेक्षा दोघांनी इकडे येणं स्वस्त आहे.

तीन, नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या अभ्यासक्रमात क्रीडा, एनसीसी, एनएसएस अशा सहअभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत. शाळेच्या संघाला वर्षभर सराव देण्याच्या कामालाही असेच श्रेयांक मिळाले, तर अमेरिकेतल्या 'ग्रॅज्युएट असिस्टंट'सारखी पहिली पायरी एका परिपत्रकात तयार होऊ शकते.

'प्रोजेक्ट महादेवा'सारख्या योजनेतून निवडलेल्या मोजक्या मुलांना चांगलं प्रशिक्षण मिळेल, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण निवड चाचणीपर्यंत पोहोचण्याआधी त्या मुलाला चेंडू थांबवायला, पास द्यायला कुणी तरी गावातच शिकवावं लागतं. त्याचं नाव कोणत्याही फलकावर लागत नाही. येत्या जूनमध्ये घाटनांदूरमध्ये, अंबाजोगाईत, परळीत पुन्हा कॉलेजचे प्रवेश सुरू होतील. त्यात २०१७ चा चेंडू पायाशी घेतलेली आणखी काही मुलं असतील. त्यांच्यातल्या एकाला तरी महिन्याचं मानधन आणि शिट्टी हातात मिळाली, तर पुढच्या वेळी चेंडू वाटपाचा कार्यक्रम संपल्यावरही मैदानावर कुणीतरी थांबलेलं असेल.